मुलांना घेऊन उत्तराखंडात: व्हॅली ऑफ फ्लॉवर्स का हर की दून?

सोलापूरहून सहकुटुंब पहिला हिमालय ट्रेक ठरवताना ही दोन नावं हमखास पुढे येतात. फोटो बघून ठरवू नका. दोन्हीकडचे फोटो वेड लावणारेच आहेत. आधी शाळेची सुट्टी बघा आणि मग घरातलं सगळ्यात थकणारं माणूस.

सुट्टीचं गणित व्हॅलीशी जुळत नाही. हे राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडतं, ऑक्टोबरअखेर बंद होतं. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, म्हणजे इथे शाळा सुरू आणि तिकडे रस्त्यावर दरडी कोसळायचे दिवस. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर बर्फ भरपूर, फुलं तुरळक. हर की दून मात्र मे महिन्यात, सोलापूर ४२-४३ अंशांवर तापलेलं असताना, उत्तम. दिवाळीच्या सुट्टीतही जमतं, फक्त रात्री हाडं गोठवणाऱ्या असतात.

आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र मी बेधडक व्हॅली सांगेन. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप जाते, पुढे मुक्कामाचं गाव घांगरिया सुमारे १० किलोमीटर, आणि चालवत नसेल तर खेचर मिळतं. घांगरियात लॉज आहेत, गुरुद्वारा आहे, गरम जेवण आहे. व्हॅलीत मुक्कामाला परवानगीच नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी परत छपराखाली. एखाद्याने दिवसभर खोलीवर आराम केला तरी बाकीच्यांचा बेत मोडत नाही. घांगरियाहून वर असलेलं शिखांचं तीर्थ हेमकुंड साहिब मात्र ४,३०० मीटरच्या आसपास आहे आणि चढ छातीवर येणारा. लहान मुलांना तिथे ओढत नेऊ नका.

हर की दूनला ही सोय नाही. ट्रेकच्या पायथ्याचं गाव सांक्री सोडलं की फोनचा भरवसा नाही, मुक्काम तंबूत किंवा गावातल्या घरात. वरच्या मुक्कामी पोराला ताप चढला तर गाडीरस्त्याला यायला अख्खा दिवस जाऊ शकतो. घरात कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर माझ्या लेखी विषय इथेच संपतो.

पण सगळे धडधाकट आणि मुलं दहाच्या पुढची असतील तर माझं मत हर की दूनलाच. उंची हळूहळू वाढते: सांक्री १,९०० मीटरच्या पुढे, शेवटचं कुरण, म्हणजे खुद्द हर की दून, ३,५६६. व्हॅलीच्या वाटेवर गोविंदघाट ते घांगरिया एका दिवसात हजाराहून जास्त मीटर चढावे लागतात. हर की दूनच्या वाटेत सुपिन नदी सोबत असते, ओसला-गंगाड या गावांतली लाकडी घरं लागतात, तिथल्या मुलांशी आपल्या मुलांची गट्टी जमते. आणि वर समोर ६,२५२ मीटरचं स्वर्गारोहिणी शिखर. पांडवांची गोष्ट मुलांना तिथेच सांगावी.

कोजागरीला तुळजापूरपर्यंत चालत जातो, म्हणून निर्धास्त राहू नका. ती सपाटीची चाल. इथे विरळ हवेत धाप लागते. महिनाभर आधीपासून पाठीवर सॅक घेऊन जिने चढा-उतरा. वर डोकं दुखून उलटी झाली तर आणखी वर जायचं नाही, त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं.

प्रवास दोन्हीकडे सारखाच लांबलचक: कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे ऋषिकेश किंवा डेहराडून, मग घाटातला अख्खा दिवस. जाऊन-येऊन दहा-बारा दिवस हाताशी ठेवा. सोलापुरी चादर जड होते, ती घरीच राहू द्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र भरपूर घ्या.