एकाच भोकाचं टार्गेट कार्ड आणि माझे 23 हजार

मी साताऱ्यात गोडोलीला शिवणकाम आणि पिको-फॉल करते. मुलगी दहावीत आहे, तीन वर्षं 10 मीटर एअर रायफल शूटिंग करतेय. दिवाळीनंतर एका माणसानं तिच्या रायफलची वाट लावली आणि माझे 23 हजार घेऊन गेला. तो अजूनही पालकांना गाठतोय असं कानावर आलं, म्हणून लिहायला बसले. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं कांस्य आणल्यापासून आमच्यासारख्या किती घरांनी कर्ज काढून रायफली घेतल्यात, ते मी रेंजवर बघतेय.

आमची रायफल सेकंडहँड, भिशीचे पैसे आणि गंठण मोडून घेतलेली. 60 शॉटला पोरगी 610 गुणांच्या पुढं जायची. ऑक्टोबरपासून 600 सुद्धा होईनात. या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळं जरा काही हललं की गुण गळतात. पोरगी रात्री जेवण सोडून भिंतीसमोर रायफल धरून उभी राहायची.

एका ओळखीच्या पालकांनी या माणसाचा नंबर दिला. "फौजेत आर्मरर होतो, वहिनी," म्हणाला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. माझे सासरे फौजेत होते. साताऱ्यात फौजी म्हटलं की आपण पुढं काही विचारत नाही. मलाही ओळखपत्र मागायची लाज वाटली. त्यानं नळी उजेडाकडं धरून आत बघितलं आणि सांगितलं, "आतनं झिजलीय. नवी केल्यासारखी करून देतो." 18 हजार रोख घेतले, 5 हजार फोनवरून. बिल नाही.

बारा दिवसांनी रायफल आणि एक टार्गेट कार्ड घेऊन आला. पाच शॉट, भोक एकच! मी ते कार्ड देवापाशी ठेवलं.

रेंजवर मात्र शॉट आधीपेक्षा जास्त फाकायला लागले. फोन केला तर म्हणाला, "मशीन ओके आहे. पोरीचा श्वास चुकतोय." हे मी महिनाभर खरं धरून चालले आणि पोरीला बोलत राहिले. पैशापेक्षा याचं दुःख जास्त आहे.

शेवटी तिच्या सरांनी रायफल शिकंज्यात आवळून पाच शॉट मारले. चांगली मॅच रायफल अशी बांधली की पाच छर्ऱ्यांचं मिळून तुरीच्या दाण्याएवढं भोक पडतं. आमचं वाघ्या घेवड्याच्या दाण्याएवढं पडलं. शिकंज्याचा कुठला श्वास चुकणार? पोरगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

सरांनी नळीवरचं पुढचं नळकांडं काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. छर्रा जिथून बाहेर पडतो ती शेवटची कड सगळीकडून सारखी लागते. एका बाजूला खरवडली तर हवा तिकडून आधी सुटते आणि छर्ऱ्याला ढकलते. आमच्या नळीच्या कडेला कानशीचे ओरखडे होते आणि आतले पेच, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केले होते. वरून नळकांडं बसवल्यावर हे कुणाला दिसणार? आणि खरा दोष त्यानं शिवलाही नव्हता. नळी आणि बट (खांद्याला टेकवायचा भाग) धरून ठेवणारा बोल्ट अजून ढिलाच होता. शिवाय ऑक्टोबरात आमचे नेहमीचे 4.50 मिलिमीटरचे छर्रे मिळाले नाहीत म्हणून आम्ही 4.49 चा डबा घेतला होता. एकेका नळीला एकेक माप मानवतं. बोल्ट आवळून दोन-चार डबे मारून बघायचे एवढंच काम होतं.

घरी आल्यावर देवापाशी ठेवलेलं कार्ड काढलं. मॅचच्या छर्ऱ्याचं डोकं चपटं असतं. माझ्याकडचा आयलेटचा पंच कापडाला पाडतो तसं ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतं. या कार्डावरच्या भोकाची कड फाटलेली होती, बोथट सुई घुसल्यावर धागे मागं निघतात तशी. ते टोकदार छर्ऱ्याचं काम होतं, आणि तसले छर्रे आमच्या घरात कधी आलेच नाहीत. कार्डावर रायफलचा नंबरही नव्हता. म्हणजे ते कार्ड आमच्या रायफलचं नव्हतंच.

पोलिसांत अर्ज दिलाय. पुरावा फक्त फोनवरून दिलेल्या 5 हजारांचा. त्याचा नंबर बंद आहे. नवी नळी परदेशातून मागवावी लागेल, ती मला आज झेपणारी नाही. पोरगी सकाळी सहाला जाऊन सरांच्या रायफलवर सराव करते.

तुमच्या रायफलचे शॉट फाकत असतील तर ती कुणाच्या हाती देण्याआधी शिकंज्यात बांधून, तुमच्या डोळ्यांसमोर, वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून घ्या. त्या कार्डावर नंबर आणि तारीख लिहून ते जपा. काम करून आल्यावर पुन्हा तसंच मारून बघा आणि मगच पैसे द्या. आणि फौजी म्हणवणाऱ्या कुणी एकाच भोकाचं कार्ड पुढं केलं, तर त्या भोकाच्या मागच्या बाजूनं नख फिरवून बघा.