सहा जणांचं मासळीचं जेवण आणि १३,४४० रुपयांचं बिल

आधी आकडा सांगते म्हणजे पुढचं वाचायला बरं पडेल. मोठी माणसं सहा आणि दादाचा लहान मुलगा, ड्रिंक्स नाहीत, मॉकटेल नाही, निव्वळ जेवण आणि शेवटी मोदक, बिल झालं १३,४४० रुपये. ठिकाण मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यात, समुद्राला लागून असलेलं एक मोठं रिसॉर्ट. नाव लिहीत नाहीये, कारण ज्या गोष्टी खटकल्या त्या आता किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दिसतात आणि एकट्या त्यांच्यावर राग काढायचा नाहीये. निमित्त आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस, महिना डिसेंबर.

महाग जागी जेवणं म्हणजे पैशाची नासाडी असं मी मानत नाही, हे पहिलंच स्पष्ट करते. आईने आयुष्यभर चुलीपाशी उभं राहून सगळ्यांना गरम गरम वाढलं, तिला एक दिवस कुणीतरी खुर्ची ओढून बसवावं, तिच्या ताटात वाढावं, हे मला हवं होतं आणि ते तिथे अगदी नीट झालं. टेबल समुद्राच्या समोरचं, टेबलक्लॉथ स्वच्छ, बाबांच्या गुडघ्यांचं बघून वाढणाऱ्या मुलांनी न सांगता पायऱ्या नसलेल्या बाजूने आत नेलं. वाढणारी पोरं सगळी इकडचीच, देवबाग, आचरा, परुळे अशा गावांतली, आणि त्यांचं बोलणं वागणं इतकं छान की त्याचे पैसे द्यायला मला काहीच वाटत नाही.

आणि महाग का असतं तेही समजून घ्यायला हवं. पावसाचे चार महिने इकडे टुरिस्ट तुरळक, पण पगार, लाईटबिल, खाऱ्या हवेने गंजणाऱ्या सामानाची दुरुस्ती हे बारा महिने चालूच. हॉटेल धंद्यात कच्च्या मालाचा खर्च साधारण मेनूवरच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास धरतात, बाकीचं सगळं माणसं, जागा, गॅस, फुकट गेलेला माल आणि मग नफा. म्हणजे ९५० रुपयांची सुरमई घेतली तर तीनेकशे रुपयांचा मासा आपल्या ताटात येतो असं धरून चालायचं. हे मला मान्य आहे. पण मग तो तीनशे रुपयांचा मासा तरी शिळा असू नये ना, तो तरी आजचा हवा, एवढंच माझं म्हणणं आहे आणि या जेवणात नेमकी तिथेच गडबड झाली.

मेनूवर सुरमई तवा फ्रायच्या खाली 'आजची ताजी मासळी' असं छापलेलं. दोन प्लेट मागवल्या, प्लेटमध्ये दोन तुकड्या. मसाला चांगला होता, रवा कुरकुरीत होता, पण आतला मासा कोरडा, भुसभुशीत, पाणी सुटून गेलेला. बाबा पहिल्या घासाला थांबले. जन्म मालवणात गेलेल्या माणसाला मासा काय सांगायचा. त्यांनी वाढणाऱ्या मुलाला शांतपणे मालवणीत विचारलं (सुरमईला इकडे इसवण म्हणतात), "रे झिला, ही इसवण आजची काय?" तो पोरगा जरा घुटमळला आणि म्हणाला, "नाय काका, खरा सांगतंय, ती बर्फातली. बांगडो मात्र सकाळीच इलो, तो घेवा."

त्या मुलाचं कौतुक वाटलं. पण मॅनेजमेंटला माझा प्रश्न आहे की डिसेंबरात, बोटी रोज जाताहेत, मालवणच्या जेटीवर मासळीचा लिलाव होतोय, गाडीने जाऊन आणण्याएवढ्या अंतरावर सगळं असताना बर्फातली सुरमई कशाला? १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते, तेव्हा मेनूवर सरळ लिहा की मासा फ्रोझन आहे, कुणी भांडणार नाही. भर सीझनमध्ये फ्रोझन मासा 'आजची ताजी मासळी' म्हणून विकणं बरोबर नाही, आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक तर विश्वासाने खाऊन जातं, त्याला वाटतं सुरमई अशीच लागते.

त्या मुलाचं ऐकून बांगड्याची तिरफळ घातलेली आमटी मागवली, ६९० रुपये, दोन बांगडे. आणि काय सांगू, अख्ख्या जेवणात हीच एक डिश अशी होती की सगळे बोलायचे थांबले. वाटण बारीक, खोबऱ्याचा कच्चा वास कुठे नाही, आमसुलाचा आंबटपणा मागून येणारा, तिरफळं बिया काढून ठेचून घातलेली, त्यामुळे तो झणझणीत गार असा वास नाकापर्यंत जातो पण जीभ बधिर होत नाही. बांगडा बोटाने दाबला की पाकळ्या सुटत होत्या. बाजारात बांगडा हा सुरमई-पापलेटच्या मानाने किती स्वस्त मासा, त्याला ६९० लावले म्हणून कुणी ओरडेल, मी नाही ओरडणार, कारण इथे मासाही ताजा होता आणि करणाऱ्याचा हातही होता. चौकशी केल्यावर कळलं की ही आमटी किचनमधल्या एक काकी करतात, त्या जवळच्याच गावातल्या. मेनूचं कव्हर त्यांच्या नावाने छापलं पाहिजे असं माझं मत आहे.

पापलेटवर किंमत नव्हती, 'साइजप्रमाणे'. आता पापलेटचं तसंच असतं हे खरं, जसजसा नग मोठा तसतसा किलोचा भावच चढत जातो, त्यामुळे एक ठराविक किंमत छापता येत नाही. पण मग शंभर ग्रॅमला किती ते तरी लिहा. मी विचारलं तेव्हा मॅनेजर आत जाऊन विचारून आले, २,४०० रुपये, साधारण अर्धा किलोचा नग, आणि हे वजन साफ करायच्या आधीचं की नंतरचं याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही. मासा मात्र चांगला होता, हिरव्या वाटणात भरलेला. तुम्ही गेलात तर हे तीन प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारा: वजन किती, कधीचं वजन, आणि कच्चा मासा दाखवता का. लाजू नका, बाजारात आपण कल्ले उचलून बघतो तर इथे विचारायला काय हरकत.

सोलकढी १८० रुपये ग्लास आणि ती मला अजिबात पटली नाही. ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तिथे बाटलीतलं खारट आगळ (कोकमाचा रस) पाण्यात ढवळून वर थोडं नारळाचं दूध, असं प्रकरण. ओली भिजवलेली सोलं, नारळाचं पहिलं जाड दूध, लसूण-मिरची ठेचून, एवढ्याच तर गोष्टी लागतात. सहा ग्लास, १,०८० रुपये, आईने अर्धा ग्लास ठेवून दिला. तिसऱ्यांचं सुकं ठीक, वाळूचा कण लागला नाही म्हणजे धुणारा माणूस नेटका आहे. कोंबडी वडे चांगले, वडे फुगलेले आणि तेलकट नाहीत. टायगर प्रॉन्स १,२५० ना, विसरण्यासारखे. मोदक ३२० ला दोन, पारी पातळ, सारणात वेलची जरा जास्त, पण गरम आणले आणि वर साजूक तूप हात आखडता न घेता घातलं.

मेनू नीट वाचला तर अजून वाईट वाटतं. नॉर्वेचा सॅमन आहे, बासा आहे, जो गोड्या पाण्यातला मासा आहे आणि ज्याचा आपल्या समुद्राशी काही संबंध नाही, पण तारली नाही, पेडवे नाहीत, मोरीचं मटण (म्हणजे शार्क मासा) नाही, मुडदुशे नाहीत, कुळथाची पिठी नाही, शाकाहारी माणसाला काजूची उसळ नाही तर पनीर टिक्का. या भागाच्या घरात जे शिजतं ते ताटात यायला हवं आणि त्याचे चांगले पैसे घ्यायला हवेत, म्हणजे जेटीवरच्या बायकांनाही चार पैसे जास्त मिळतील. सॅमनचे पैसे कुठे जातात आणि तारल्यांचे कुठे गेले असते याचा विचार या लोकांनी खरंच करावा.

आता बिल, कारण घरी येऊन सगळ्यांनी तेच विचारलं. जेवणाचे ११,३९०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १,१३९, आणि मग दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, एकूण १४,७८४. हे बिल आधी आलं. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही, तो हॉटेल स्वतः लावतं आणि तो देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी गाईडलाईन काढली, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. मी मॅनेजरना म्हटलं, "साहेब, हे काढा, मुलांना आम्ही हातात देतो." त्यांनी वाद न घालता काढलं, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. चार्ज आणि त्यावरचा टॅक्स मिळून १,३४४ रुपये उतरले आणि त्यातले ५०० त्या खरं बोलणाऱ्या मुलाला दिले. कुठे काढायला नकार दिला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे.

१८ टक्के जीएसटीवरून दादा चिडला होता, पण तो बरोबर लागलेला होता. एसी आहे म्हणून १८ टक्के हा समज जुना झाला, नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला एसी असो नसो ५ टक्केच. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८. म्हणजे हेच ११,३९० चं जेवण रस्त्यापलीकडच्या रेस्टॉरंटमध्ये याच भावाने मिळालं असतं तर टॅक्सचेच जवळपास १,४८० रुपये वाचले असते. रिसॉर्टमध्ये जेवायला जाताना हा फरक डोक्यात धरूनच जायचं. पाण्याची बाटली १५० ला, तीन बाटल्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून भांडण काढण्यात अर्थ नाही, हॉटेल-रेस्टॉरंटना तशी मुभा आहे असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. साधं फिल्टरचं पाणी मागितलं तर देतात, पण स्वतःहून विचारत नाहीत, बसल्या बसल्या बाटली फोडून ग्लास भरतात, तर आधीच सांगा.

मालवणात खानावळीत सुरमईची थाळी साधारण चारशेच्या आसपास मिळते आणि ती सुरमई बहुतेक वेळा या सुरमईपेक्षा ताजी असते. त्यामुळे फक्त मासे खायचे असतील तर थाळी खा. म्हाताऱ्या माणसांना निवांत बसवायचं असेल, काही खास दिवस असेल, तर इथे या, पण ऑर्डर वाढणाऱ्या पोरांना विचारून द्या, मालवणीत विचारा, ती खरं सांगतात. बांगडा, तिसऱ्या, वडे, मोदक एवढं घेतलं तर दोघांचं टॅक्ससकट साडेतीन हजारांत होतं.

बुकिंग फोनवर होतं. सूर्यास्ताच्या वेळची पुढची टेबलं ख्रिसमसच्या आठवड्यात खोलीवाल्या गेस्टसाठीच ठेवतात, बाहेरच्यांनी दुपारी बारा-साडेबाराला जावं, गर्दी नसते आणि सकाळचा बांगडा तोवर संपलेला नसतो.