डिस्क मेली नव्हती, तिला करंट पुरत नव्हता: कुडाळच्या एका दुकानाचा अनुभव

माझ्या २ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये बारा वर्षांची रेकॉर्डिंगं आहेत. जत्रांतले दशावतार, डबलबारीची भजनं. त्यातले काही आवाज आता पुन्हा मिळायचे नाहीत. जूनमध्ये लॅपटॉप ती डिस्क ओळखेनासा झाला, तेव्हा अन्न गोड लागेना. लावली की टिक-टिक आवाज, क्षणभर दिसायची, पुन्हा गायब. एकदा तर 'फॉरमॅट करायची का', म्हणजे सगळं पुसून टाकायचं का, असं विचारलं. आधी जिथे दाखवली तिथे मदरबोर्ड बदला, डिस्क गेली समजा, असं पाच मिनिटांत सांगून मोकळे झाले.

मग मालवणहून एसटीने कुडाळला गेले. बाजारपेठेत लॅपटॉप दुरुस्तीचं एका खोलीचं दुकान आहे. तिथल्या दादांनी डिस्क कानाला लावली आणि म्हणाले, "वैनी, ही मेलेली नाय. हिका करंट पुरणा नाय. फॉरमॅट मात्र करू नकात."

त्यांनी पोर्ट आणि केबलच्या मध्ये छोटा मीटर लावून दाखवला. डिस्क फिरायला लागली की ५ व्होल्टचे ४.४ होत होते. मी ती डाव्या बाजूच्या यूएसबी २ पोर्टला लावत होते, तो नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो. उजवीकडचा निळा यूएसबी ३ ९०० देतो. डिस्क सुरू होतानाच सगळ्यात जास्त ओढते. त्यात माझी केबल लांब आणि बारीक. निळ्या पोर्टातही टॉर्चच्या उजेडात हिरवट थर दिसला. घर समुद्राला लागून, खारा वारा कुठे सोडतो! लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने तो साफ केला, आखूड केबल लावली. डिस्क दिसली. सगळी रेकॉर्डिंगं जागेवर! मी तिथेच रडले.

मग लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजर या सेटिंगमध्ये, वीज वाचवायला यूएसबी हब (पोर्ट सांभाळणारा भाग) बंद करण्याची लॅपटॉपला परवानगी होती, ती टिक त्यांनी काढून टाकली.

सासऱ्यांचा भजनं ऐकायचा एमपीथ्री प्लेअरही नेला होता. चार्ज व्हायचा, पण लॅपटॉपवर दिसायचा नाही. केबल नुसती चार्जिंगची, आत डेटाच्या तारा नाहीत! दुसरी लावताच दिसला.

केबलींसकट ६५० रुपये झाले. न दुखणारं काही बदललं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तक्रार एकच: फोन उचलत नाहीत, काम झालं का हे विचारायला पुन्हा जावं लागतं. मला दोन खेपा पडल्या.

दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं. डिस्क नेताना घरची केबलही सोबत न्या, ते आधी तीच तपासतात.