युगान्त, व्यासपर्व की मृत्युंजय : आधी कोणतं हाती घ्यावं?

महाभारतावरचं एखादं चांगलं मराठी पुस्तक सुचवा म्हटलं की ही तीन नावं हमखास पुढे येतात. दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' १९६२ सालचं, इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही दोन्ही १९६७ सालची. पाच वर्षांच्या अवधीत मराठीला ही तिन्ही मिळाली आणि ती एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की नुसतं 'तिन्ही वाचा' म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याला वाऱ्यावर सोडणं. मी नुकतीच ती पाठोपाठ वाचली, काही भाग पुन्हा वाचले. तिन्हींवर माझं प्रेम आहे, पण ती तिघं तीन वेगवेगळ्या वाचकांसाठी आहेत.

आधी स्वरूपाचं. 'मृत्युंजय' ही कर्णाची मोठी कादंबरी. कर्ण स्वतः बोलतोच, शिवाय कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, त्याची बायको वृषाली आणि शेवटी कृष्णही आपापल्या तोंडून त्याची कथा सांगतात. 'युगान्त' म्हणजे महाभारतातल्या व्यक्तींवरचे आणि प्रसंगांवरचे लेख, मानववंशशास्त्र हा अभ्यासविषय असलेल्या बाईंनी लिहिलेले. 'व्यासपर्व'ही व्यक्तिरेखांवरचंच, पण ते ललित आहे. तिघांत आकाराने सर्वांत लहान आणि वाचायला सर्वांत सावकाश.

फरक खरा कळतो तो कर्णापाशी.

सावंतांचा कर्ण तुम्हाला आत ओढून घेतो. त्याचं सूर्याशी असलेलं नातं, अंगावरची कवचकुंडलं, आपण इतरांपेक्षा वेगळे का हा लहानपणापासूनचा प्रश्न, हे सगळं त्याच्याच आवाजात ऐकताना त्याची बाजू न घेणं जवळपास अशक्य होतं. सावंत तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. त्या वयाचा आवेग पानापानांत जाणवतो, भाषा भरजरी आहे, उपमा भरपूर आहेत. आज पहिल्यांदा वाचणाऱ्याला सुरुवातीची काही पानं जड वाटतील. तिथे पुस्तक मिटू नका. कुंती बोलू लागते तिथून कादंबरीला वेगळीच खोली येते, कारण ज्या गुपितावर कर्णाचं सगळं दुःख उभं आहे ते तिच्या बाजूनेही कळू लागतं.

इरावतीबाईंचा कर्ण मात्र अस्वस्थ करतो. त्या संहिता समोर ठेवून विचारतात: वनवासी पांडवांना हिणवायला काढलेल्या घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला पकडलं तेव्हा हा कुठे होता? विराटाच्या गाई पळवायला गेल्यावर एकट्या अर्जुनापुढे याचं काय झालं? आणि द्यूतसभेत दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलला, तेव्हा त्याला गप्प करून तिची वस्त्रं काढायला सांगणारा कोण होता? आपण कोण हे कर्णाला युद्धाच्या तोंडापर्यंत कळलं नाही, त्यातून आलेला कडवटपणा त्याला पुनःपुन्हा नको त्या टोकाला नेतो, अशी त्यांची मांडणी आहे. दुर्योधनाशी त्याची मैत्रीसुद्धा कृष्ण-अर्जुनासारखी बरोबरीची नव्हती, हे त्या शांतपणे दाखवून देतात. 'मृत्युंजय' मनात घर करून असेल तर हा लेख वाचताना राग येईल. येऊ द्या. पण पुरावे तपासत वाचा.

इथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीबद्दल सांगायला हवं, कारण 'युगान्त'चा पाया तीच आहे. देशभरातली हस्तलिखितं ताडून हे काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पूर्णत्वाला गेलं. त्यात सर्वांत जुना पाठ कोणता हे ठरवताना आपल्याला पाठ असलेले कितीतरी प्रसंग मूळ संहितेतून बाजूला निघाले. स्वयंवरात 'सूताला मी वरणार नाही' असं द्रौपदी म्हणते ते तळटीपेत गेलं. वस्त्रहरणाच्या वेळी ती कृष्णाचा धावा करते, तोही. कर्णाविषयीचा आपला कळवळा आणि द्रौपदीविषयीची आपली भक्ती यांतलं बरंच काही अशा नंतरच्या थरांवर उभं आहे, हे समजल्यावर वाचन कायमचं बदलतं. माझं तरी बदललं.

द्रौपदीच्या बाबतीत इरावतीबाई आणखी धाडस करतात. स्वतःला हरलेल्या धर्मराजाला मला पणाला लावायचा हक्क होता का, हा तिचा भर सभेतला प्रश्न आपण तिच्या बुद्धीचा कळस मानतो. बाई त्याला तिची चूक म्हणतात, तिथे कायद्याचा काथ्याकूट करण्यापेक्षा माणुसकीला हाक घालायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही. तो प्रश्न विचारल्यामुळेच भीष्मासकट सगळी सभा उघडी पडली, असं मी मानते. पण न पटणारं मतही इतक्या सरळ मांडणारं पुस्तक विरळा. याच लेखात, महाप्रस्थानाच्या वाटेवर पडलेली द्रौपदी आणि तिच्याजवळ थांबलेला भीम, हा कल्पिलेला प्रसंग आहे आणि तो वाचून डोळे कोरडे राहत नाहीत. 'युगान्त' म्हणजे कोरडा अभ्यास असं समजून ज्यांनी ते टाळलं असेल, त्यांनी आधी तेवढी पानं वाचावीत. त्यानंतर 'मयसभा' हा लेख. खांडववन जळताना कृष्ण-अर्जुन बाहेर पडणाऱ्या जिवांनाही मारत राहतात, हा पराक्रम म्हणून ऐकलेला प्रसंग बाईंनी त्याच्या खऱ्या क्रौर्यासह समोर ठेवला आहे. त्यातून वाचलेल्या मयाने सभा बांधली, त्या सभेने दुर्योधनाचा मत्सर पेटवला. ही साखळी ध्यानात आली की युद्धाची सुरुवात कुठून मोजायची हेच बदलून जातं.

'व्यासपर्व'बद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्याचा सारांश सांगून काही हाती लागत नाही. दुर्गाबाई पुरावे मांडत नाहीत, त्या व्यक्तीच्या मनात मुक्काम करतात. अश्वत्थामा, भीष्म, कृष्ण आणि द्रौपदीचं सख्य यांवर त्या लिहितात तेव्हा एकेका वाक्याशी थांबावं लागतं. एका बैठकीत संपवायला जाऊ नका. मूळ कथा चांगली ठाऊक नसेल तर मात्र हे पुस्तक हातातून निसटेल, कारण कोण कुणाचा कोण हे त्या सांगत बसत नाहीत.

तेव्हा निवड अशी. महाभारत तुकड्यातुकड्यांत ऐकलेलं असेल, मोठी कादंबरी वाचायची सवय मोडली असेल किंवा घरात वाचनाकडे वळणारं किशोरवयीन मूल असेल, तर 'मृत्युंजय'. कथा माहीत आहे आणि एकाच पुस्तकाला वेळ आहे, तर बिनदिक्कत 'युगान्त'. तिन्ही वाचणार असाल तर याच क्रमाने जा आणि 'व्यासपर्व' शेवटी ठेवा. 'युगान्त'नंतर 'मृत्युंजय' वाचणाऱ्याला कर्णावर तसा निखळ जीव लावता येणार नाही, आणि तो एकदा तरी लावून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

माझ्या पुढच्या वाचनात दोन पुस्तकं ठरली आहेत. एक भैरप्पांचं 'पर्व', महाभारतावरची कादंबरी, मूळ कन्नड १९७९ सालची, मराठीत उमा कुलकर्णी यांच्या अनुवादात. वर, शाप, चमत्कार सगळे दूर सारून ही माणसं कशी जगली असतील याचा त्यात शोध आहे, त्यामुळे इरावतीबाईंच्या वाटेने आलेल्याला ते जवळचं वाटावं. दुसरं नरहर कुरुंदकरांचं 'व्यासांचे शिल्प', तेही महाभारतावरच्या लेखांचं. द्रौपदीच्या त्या प्रश्नावर इरावतीबाईंशी माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून कुरुंदकर आधी वाचीन.