वेगळे ताट की घराचे एकच ताट?

यवतमाळकडच्या एका मावशींनी विचारले की, 14 वर्षांच्या लेकीचे वजन वाढते आहे, तर तिच्यापुरता वेगळा स्वयंपाक करावा की साऱ्या घराचेच जेवण बदलावे.

वेगळ्या ताटासाठी ओट्स, पावडरीचे डबे विकत आणावे लागतात. एकच ताट ठेवले, तर ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी घरचीच. श्रम मात्र या दुसऱ्या मार्गात अधिक, कारण आलुबोंडा आणि गोड चहा मोठ्यांनाही कमी करावा लागतो.

खरा फरक टिकण्यात आहे. वेगळ्या ताटावर मुलगी एकटी पडते, टोमण्यांनी खचते, लपून खाऊ लागते. आणि वाढत्या वयात उपाशी ठेवणे तर घातकच, आणि त्याची गरजही नसते, कारण उंची वाढत असताना वजन स्थिर राहिले तरी पुष्कळदा पुरते. रोज 60 मिनिटांची हालचालही सोबतीनेच जमते.

डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी पथ्य सांगितले असेल, तर वेगळे ताट योग्य. इतर घरांनी एकच ताट ठेवावे.