साथीच्या काळात संस्थेसाठी पैसे उभे करायचे तर: हॉल, देवळाचं पटांगण की ऑनलाइन?

वर्षाला एक संगीत संमेलन नाहीतर नाटक लावायचं आणि त्यावर वर्षभराचा खर्च काढायचा, अशा संस्था आपल्या गोव्यात गावोगावी आहेत आणि २०२० मध्ये कोरोनामुळे सगळ्यांचीच पंचाईत झाली. परत तशी वेळ आली तर काय करायचं हे ज्या समितीला आत्ताच ठरवून ठेवायचंय तिच्यासाठी हे लिहितोय. आधी मागच्या दोन-तीन वर्षांचा हिशेब काढा आणि पैसा नेमका कुठून आला ते बघा. स्मरणिकेच्या जाहिराती देणगी प्रवेशिकांपेक्षा जास्त निघाल्या तर हॉल भरतो की नाही यावर डोकेफोड करण्यात अर्थच नाही.

हॉलचं गणित सरळ आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने बंद जागेतल्या कार्यक्रमांना वाट करून दिली ती क्षमतेच्या निम्मी माणसं, तीही जास्तीत जास्त २००, या अटीवर. म्हणजे ६०० खुर्च्या असल्या तरी २००च. तीनशेची प्रवेशिका धरा, झाले साठ हजार, आणि त्यातून हॉलचं भाडं, साउंड, लाइट, कलाकार मुंबईहून येणार असेल तर त्याचं जाणं-येणं-राहणं, यातलं काहीही निम्मं होत नाही. शिवाय पहिल्या रांगेत बसणारा आपला देणगीदार सत्तरीचा, त्याला घरातलीच माणसं बाहेर सोडत नाहीत. आणि बंद खोलीत गाणं म्हणजे काय होतं तर मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, तालमीला ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले, दोघं गेले. एसी हॉल माझ्या यादीतून बाद.

पटांगणाला हवा खेळती असते आणि मांडव घालायची सवय आपल्याला आहेच. पण जून ते सप्टेंबर विसरा, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, खास परवानगी मिळाली तरच बारापर्यंत. तीन अंकी संगीत नाटक सातला सुरू केलं तर पदांना वन्समोअर द्यायलासुद्धा वेळ नाही, त्यापेक्षा दोन तासांची मैफल बरी. खरी अडचण वेगळीच, देवळासमोर तिकीट लावणार कसं आणि गर्दी अडवणार कोण? इथे पैसा उभा करायचा तर पावणी करा, म्हणजे भाविकांनी, कलाकारांनी दिलेल्या वस्तूंचा लिलाव. साथीत तीच पावणी व्हॉट्सॲप ग्रुपवर करता येते, फोटो टाकायचा, रात्री नऊपर्यंत बोली, आणि एकाने ‘अमक्याने हजार लावले काय, मग माझे अकराशे’ म्हटलं की पुढचं ग्रुपच बघून घेतो.

आता ऑनलाइन. लाइव्हच्या भानगडीत शक्यतो पडू नका. गायक एका घरात, तबला दुसऱ्या घरात, असं नेटवर जमतच नाही, आवाज पोचायला जो उशीर होतो त्यात सम चुकते, आणि ऐन बंदिशीत लायट गेली की संपलंच. सगळ्यांना एका हवेशीर जागी बसवून रेकॉर्ड करा, मग ठरलेल्या वेळी यूट्यूबवर सोडा. दोन रागांच्या मध्ये जाहिरातदाराचं नाव झळकवता येतं, हीच तुमची स्मरणिका. तिकीट मात्र लावू नका, एक जण पैसे भरतो आणि लिंक अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर जाते. स्क्रीनवर यूपीआयचा क्यूआर ठेवा आणि मधून मधून तोंडाने मागा. इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जानेवारी २०२१ मध्ये अर्धा प्रत्यक्ष अर्धा ऑनलाइन झाला हे कुणीतरी मीटिंगमध्ये सांगणारच, पण त्याच्यामागे सरकार होतं, आपल्यामागे खजिनदार आहे.

एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. ऑनलाइन केलं की लंडन-लिस्बनचे गोंयकार पैसे पाठवायला निघतात. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या कमाईतून बँकेतून पाठवले तर चालतं, पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूस, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) कार्ड असलं तरी, कायद्याने परदेशी देणगीदार. संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर ते पैसे घ्यायचे नाहीत, आपला वाड्यावरचाच माणूस असला तरी. आयकर सवलतीसाठीची ८०जीची पावती देत असाल तर दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, हेही आधी सांगा, नंतर वाद नको.

चौथा मार्ग म्हणजे कार्यक्रमच नाही, नुसतं पत्र आणि फोन. खर्च शून्य, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी हाच सगळ्यात जास्त हातात टाकतो, पण दुसऱ्या वर्षी लोक विचारतात की तुम्ही केलंत काय.

मी समितीत असतो तर पहिल्या वर्षी पत्र, फोन आणि सोबत तासाभराचं रेकॉर्डिंग, नंतर डिसेंबर-जानेवारीत रुग्णांचे आकडे उतरले तर पटांगणात छोटी मैफल, असं ठरवलं असतं. बजेटमध्ये वरची ओळ मात्र तबलजी, संवादिनीवाला, साउंडवाला आणि मेकअपवाल्याच्या मानधनाची, कारण त्यांचे बाकीचे सगळे कार्यक्रम तेव्हा रद्द झालेले असतात.