सायकलसाठी वॉटरप्रूफ शूज: पाणी वरून शिरतं, त्याचं काय?

कोणी विचारलं की सायकलवर पावसात घालायला कुठले शूज घेऊ, तर मी आधी उलटा प्रश्न टाकते, पुढच्या चाकाला मडगार्ड आहे का आणि त्याला खाली रबराचा फ्लॅप आहे का? सायकलवर पाय भिजतात ते पावसाने कमी आणि पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने जास्त, पाऊस थांबलेला असला तरी रस्ता ओला असेल तर चाक ते सगळं गढूळ पाणी थेट पेडलच्या दिशेनेच फेकतं. फ्लॅप जमिनीपासून थोडाच वर येईल इतका लांब हवा, आखूड असेल तर जुन्या ट्यूबचा नाहीतर जाड प्लास्टिकचा तुकडा कापून स्क्रूने लावा. हे केल्याशिवाय महागडे शूज घेण्यात अर्थ नाही असं माझं मत, पटत नसेल तर पुढे वाचाच.

आता शूज. मी वापरते ते मिड-कट, घोट्यापर्यंत येणारे, आत मेम्ब्रेन असलेले आणि खाली बऱ्यापैकी सपाट सोलवाले. मेम्ब्रेन म्हणजे कापडाच्या आत असलेला एक पातळ पडदा, सगळ्यात माहितीतला गोअर-टेक्स, 1969 मध्ये बॉब गोअरने पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनचंच मटेरियल झटक्यात ताणून बघितलं त्यातून ते निघालं. त्याची छिद्रं एवढी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत जात नाही पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. इतर कंपन्यांचीही आपापली मेम्ब्रेन्स असतात, काम साधारण तेच.

पाणी अडवण्याच्या बाबतीत तक्रार नाही, डबक्यात पाय टेकला तरी मोजा कोरडा. पण किती खोल डबकं हे बुटाच्या उंचीवर ठरत नाही! बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी आतल्या कापडाने किती उंचीपर्यंत शिवलेली आहे तेवढीच त्याची खरी वॉटरप्रूफ उंची. दुकानात लेस पूर्ण सोडून जीभ पुढे ओढून बघा, काही बूट दिसायला घोट्याच्या वर असतात आणि ती शिवण अर्ध्यातच संपते, मग तिथून पाणी आत.

आणि मोठा लोचा वरून. पायावरून ओघळणारं पाणी घोट्यापाशी बुटात उतरतं, टाइट्स किंवा जीन्स बुटात खोचलेली असेल तर बघायलाच नको, ते कापड पाणी शोषून थेट आत पोचवतं. रेनपँट बुटाच्या वरून, बाहेरून यायला हवी आणि खाली पट्टीने आवळलेली हवी, शिवाय सायकलवर गुडघा वर येतो तेव्हा पँट चांगली वीतभर वर सरकते, म्हणून ट्रायल घेताना उभं राहून नाही तर गुडघा वाकवून बघायचं. एकदा आत पाणी गेलं की वॉटरप्रूफ बूट म्हणजे बादली, जे मेम्ब्रेन बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ते आतलं पण बाहेर जाऊ देत नाही. साधा जाळीचा शूज रात्रीत वाळेल, हा सकाळी पण आतून ओलसरच. इनसोल काढून कागद कोंबायचे, ओले झाले की बदलायचे. हीटरजवळ ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो आणि चामडं कडक होतं.

घामाबद्दल पण स्पष्ट बोलू. बॉक्सवर 'ब्रीदेबल' लिहिलेलं असतं, पण वाफ बाहेर जायला आत जास्त दमट आणि बाहेर कमी दमट असा फरक लागतो. हवा गरम आणि दमट असेल तर तो फरकच उरत नाही, मग पाय पावसाने नाही तर घामाने भिजतो, म्हणजे पैसे देऊन तेच. त्यामुळे माझा सरळ हिशोब असा, पाऊस उबदार असेल तर वॉटरप्रूफ विसरा, मागे पट्टा आणि पुढे बोटं झाकलेली सँडल घाला, पाणी आलं तसं निघून जातं. थंड पावसात मात्र ओला पाय आणि वरून वारा, बोटं बधिर होतात, तिथे मेम्ब्रेनचे पैसे वसूल.

बाहेरच्या कापडावर पाणी थेंब होऊन घरंगळतं ते डीडब्ल्यूआर म्हणजे पाणी झटकणाऱ्या कोटिंगमुळे. ते झिजलं की वरचं कापड पाणी पितं, बूट जड आणि गार होतो, घामाची वाफ अडते, आणि लोक म्हणतात बूट लीक झाला. बऱ्याचदा लीक नसतोच, नीट धुऊन स्प्रे मारला की काम होतं. फ्लोरिनवाली जुनी कोटिंग्ज आता बंद होत चाललीत (पर्यावरणासाठी चांगलंच आहे), नवीन कोटिंग पाणी अडवतं पण तेलकट घाणीपुढे लवकर हार मानतं, म्हणून धुणं-स्प्रे जास्त वेळा करावं लागतं.

सोलवर लोक लक्षच देत नाहीत. ट्रेकिंगचा वॉटरप्रूफ बूट घेतात, त्याचे खोल खाचे फ्लॅट पेडलच्या पिनांवर (पकडीसाठी वर आलेल्या बारीक खिळ्यांवर) नीट बसत नाहीत. अवजड बूट असेल तर घोट्याची बाजू क्रँकला (पेडलच्या दांड्याला) घासते आणि छोट्या फ्रेमवर वळताना पुढचं टोक चाकाला लागतं. उलट सोल फार मऊ असेल तर पेडल तळव्याला टोचतं, बंद फोमच्या क्लॉग्जचा तोच प्रॉब्लेम, जवळपास फिरायला मस्त, लांब अंतराला नको. लेस चेनच्या बाजूला लोंबत नाही ना तेवढं बघा.

क्लीटवाल्यांनी (क्लीट म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा सोलखालचा तुकडा) लक्षात घ्या, क्लीटच्या बोल्टसाठी सोलला भोकं असतात, इनसोलखालचा स्टिकर नीट चिकटवला नाही तर पाणी तिथून येतं. वरून घालायचे शू-कव्हर नुसती सायकल चालवायची तर छान, पण ऑफिसपर्यंत चालत गेलात की खालून फाटायला लागतात. गमबूट? पाणी शून्य, पण घोटा वाकत नाही, थोड्या अंतरापुरते ठीक.

एकच घ्यायचं बजेट असेल तर मी म्हणेन वॉटरप्रूफ मोजे घ्या, कुठल्याही जुन्या बुटात चालतात. बूट भिजून जड होतो ते सहन करायचं, पाय कोरडा राहतो, आणि धुताना ड्रायर टाळा. फक्त ते जाड असतात, तेव्हा बुटात बोटं हलतील एवढी जागा आहे का ते आधी घालून बघा, घट्ट बूट कोरडा असला तरी गारच लागतो.